विश्लेषण : पाय गेमचे, बोट तुमचे… ‘ऑन-रेल्स’ हॉरर गेम घाबरवतात का आणि वैताग का आणतात?

झॉम्बी समोर, हातात पिस्तूल, पण पळायची सोय नाही. मॉलमधल्या गेमिंग झोनपासून व्हीआर हेडसेटपर्यंत पोहोचलेल्या या गेमप्रकाराची खरी ताकद आणि त्याचे दुखणे एकाच ठिकाणी आहे.

दार उघडते. समोर अंधारी खोली. कॅमेरा आपोआप डावीकडे वळतो. तिथे काहीच नसते. मग तो सावकाश उजवीकडे येऊ लागतो. उजवीकडे काहीतरी उभे आहे, हे खेळणाऱ्याला एव्हाना कळून चुकलेले असते. पण त्याला लवकर वळता येत नाही, मागे सरता येत नाही, पळण्याचा तर प्रश्नच नाही. हातात फक्त पिस्तूल, त्यात सहा गोळ्या. त्या संपल्या की पिस्तूल पडद्याबाहेर रोखून चाप ओढायचा, म्हणजे नव्या गोळ्या भरल्या जातात. तेवढ्या क्षणापुरती नेम धरलेली जागा सोडावी लागते आणि घात नेमका तेव्हाच होतो.

सेगा कंपनीचा ‘द हाउस ऑफ द डेड’ ज्यांनी खेळला आहे, त्यांना ही अवस्था ओळखीची वाटेल. या प्रकारच्या गेमला ‘ऑन-रेल्स शूटर’ म्हणतात. भारतातल्या मॉलमध्ये पडद्यासमोर दोन बंदुका लावलेले यंत्र दिसते, ते बहुधा याच जातीचे. स्वतःला गेमर न म्हणवणारी माणसेही ते हटकून खेळतात. घरी मात्र हाच प्रकार आज शोधावा लागतो.

‘ऑन-रेल्स’ म्हणजे नेमके काय?

नाव रेल्वेच्या रुळांवरून आले आहे. गेममधले पात्र कुठे जाणार, किती वेगाने जाणार, कधी थांबणार आणि कुठे बघणार हे आधीच ठरलेले असते. खेळाडूकडे उरतो फक्त नेम. मनोरंजन पार्कमध्ये डब्यात बसून पाहायचा भूतबंगला आणि जत्रेत छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा स्टॉल, हे दोन्ही एकत्र केले की ऑन-रेल्स हॉरर शूटर तयार होतो. ही उपमा ओढूनताणून आणलेली नाही. मिडवे कंपनीचा १९९८ चा ‘कार्नइव्हिल’ हा आर्केड गेम एका भुताटकीच्या जत्रेतच घडतो.

या गेमची वंशावळ जुनी आहे. टायटोच्या ‘ऑपरेशन वुल्फ’मध्ये (१९८७) पडदा आडवा सरकत जायचा आणि यंत्राला जोडलेल्या बंदुकीने सैनिक टिपायचे. एसएनकेच्या ‘बीस्ट बस्टर्स’ने (१९८९) सैनिकांच्या जागी झॉम्बी आणले. मोठी उडी घेतली ती सेगाच्या ‘व्हर्चुआ कॉप’ने १९९४ मध्ये. दृश्य त्रिमितीय झाले, कॅमेरा कोपऱ्यांवरून वळू लागला, शत्रूच्या हाताला गोळी लागली की डोक्यापेक्षा वेगळा परिणाम दिसू लागला. पुढे गाजलेला ‘गोल्डनआय ००७’ही सुरुवातीला याच धर्तीवर रुळांवरचा गेम म्हणून आखला गेला होता. ‘व्हर्चुआ कॉप’नंतर दोन-तीन वर्षांत सेगाने तेच तंत्र भुताच्या वाड्यात नेले आणि ‘द हाउस ऑफ द डेड’ आला.

महाराष्ट्रातल्या तिशी-पस्तिशीच्या वाचकांनी या घराण्यातली बंदूक घरीही हाताळलेली असण्याची दाट शक्यता आहे. नव्वदच्या दशकात आणि त्यानंतर बाजारात मिळणाऱ्या स्वस्त ‘टीव्ही गेम’सोबत प्लास्टिकची बंदूक यायची. तिच्यावर खेळायचा बदकांचा खेळ म्हणजे निन्टेन्डोचा ‘डक हंट’ (१९८४). त्यात रूळ नव्हते आणि भीतीही नव्हती. बंदूक मात्र तीच.

कॅमेरा हिरावून घेतला की भीती का वाढते?

नेहमीच्या हॉरर गेममध्ये दिग्दर्शकाची एक मोठी अडचण असते. खिडकी फोडून राक्षस आत येण्याचा प्रसंग महिनाभर खपून तयार करावा, आणि त्याच क्षणी खेळाडू कोपऱ्यातल्या कपाटात गोळ्या शोधत असावा! तो कुठे पाहील याची खात्री नसते. काही खेळाडू घाबरून खोलीत शिरतच नाहीत, काही उलट्या पावलांनी चालत राहतात.

रुळांवरच्या गेममध्ये खेळाडूची नजर कोणत्या क्षणी कुठे असेल हे फ्रेमपर्यंत ठाऊक असते. त्यामुळे चित्रपटातली भीतीची युक्ती इथे जशीच्या तशी चालते : आधी रिकामी जागा दाखवायची, मग उगाच एक आवाज, मग थोडा उशीर, आणि मग हल्ला. त्यात भर अशी की चित्रपटात प्रेक्षक डोळ्यांवर हात धरू शकतो. इथे डोळे झाकले तर जीव जातो. बघायचे नाही तिकडेच बघत राहायचे, कारण नेम तिथेच धरायचा आहे.

याचा एक तांत्रिक फायदाही आहे. कॅमेरा कुठून जाणार हे ठरलेले असल्याने न दिसणारी बाजू बनवावीच लागत नाही. भिंतीची मागची बाजू, टेबलाखालची जागा, बंद दारापलीकडची खोली यांवर खर्च होणारी ताकद समोर दिसणाऱ्या दृश्यावर वापरता येते. २००६ मध्ये आलेले निन्टेन्डो वी हे यंत्र त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या तुलनेत बरेच दुबळे होते. तरीही त्यावरचे काही रुळांवरचे हॉरर गेम डोळ्यांत भरतात, त्यामागे हे एक कारण आहे.

आणखी एक गोष्ट नेहमी दुर्लक्षिली जाते. दोन स्टिक असलेला कंट्रोलर ज्यांनी कधी धरलेला नाही, त्यांच्यासाठी आधुनिक हॉरर गेम खेळणे म्हणजे आधी महिनाभराची शिकवणी. एका अंगठ्याने चालायचे, दुसऱ्याने बघायचे, आणि त्याच वेळी घाबरायचेही. बंदुकीचा गेम मात्र पाहताक्षणी कळतो. म्हणून मॉलमधल्या त्या यंत्रासमोर बारा वर्षांची भाची आणि पन्नाशीचे मामा शेजारी शेजारी उभे राहतात. त्यात मामाच जास्त ओरडतात.

या प्रकाराचा सर्वोत्तम नमुना कोणता?

मतभेद होतील, पण ‘डेड स्पेस : एक्स्ट्रॅक्शन’ (२००९) या वी वरच्या गेमचे नाव घ्यावेच लागेल. व्हिसरल गेम्स आणि युरोकॉम यांनी तो बनवला. ‘डेड स्पेस’ (२००८) या गाजलेल्या अंतराळ-हॉरर गेमच्या आधीची कथा त्यात आहे. एका दूरच्या ग्रहावरच्या खाणीत ‘मार्कर’ नावाची गूढ वस्तू सापडते आणि वसाहतीतल्या माणसांना वेड लागू लागते.

पहिल्या प्रकरणात खेळाडू सॅम कॉल्डवेल नावाच्या खाण कामगाराच्या डोळ्यांतून पाहतो. मार्कर उपसून काढला जातो, सहकाऱ्यांचे वागणे बदलते, ते अंगावर येऊ लागतात. समोर जे दिसते त्यावर खेळाडू गोळ्या झाडतो. गेमने तेच तर शिकवले आहे. प्रकरणाच्या शेवटी उलगडा होतो, की वेड सहकाऱ्यांना नव्हे, सॅमला लागले होते. मारली गेलेली माणसे साधी माणसे होती. सॅमला गोळी घालणारा पोलीस अधिकारी मॅकनील हाच पुढच्या भागात खेळाडूचे पात्र होतो.

हा धक्का मोकळ्या कॅमेऱ्याच्या गेममध्ये इतका नीट बसला नसता. खेळाडूने इकडेतिकडे भटकून, खोल्या तपासून संशय घेतला असता. रुळांवर असल्यामुळे त्याने समोरच्या दृश्यावर मुकाट विश्वास ठेवला. हालचालीचे स्वातंत्र्य नसणे ही तोवर तांत्रिक मर्यादा होती. इथे तीच कथेचा भाग झाली. त्या गेममध्ये अंधारात उजेड हवा असेल तर हातातला रिमोट जोरात हलवून दिवा पेटता ठेवावा लागतो. हलवताना नेम सुटतो. साधी गोष्ट, पण घाम फोडणारी.

कंपनीने जाहिरातीत ‘ऑन-रेल्स’ या शब्दापासून अंतर राखायचा बराच प्रयत्न केला. तरी गेम फारसा विकला गेला नाही. २०११ मध्ये ‘डेड स्पेस २’च्या प्लेस्टेशन ३ आवृत्तीसोबत तो जोड म्हणून देण्यात आला.

मग वैताग कशाचा?

तक्रारींची सुरुवातही कॅमेऱ्यापासूनच होते. दिग्दर्शकाच्या हाती मान दिली की तो ती हवी तशी वळवणार. कॅपकॉमच्या ‘रेसिडेंट ईव्हिल : द अम्ब्रेला क्रॉनिकल्स’ (२००७) आणि ‘द डार्कसाइड क्रॉनिकल्स’ (२००९) या जोडीत हे स्पष्ट दिसते. पहिल्या गेममध्ये स्टिकने कॅमेरा थोडासा इकडेतिकडे वळवता येतो. दुसऱ्यात कॅमेरा हातात धरल्यासारखा सतत हलतो. पात्र धावत आहे, घाबरले आहे, धाप लागली आहे हे दाखवण्याचा हेतू उघड आहे. पण रेसिडेंट ईव्हिलच्या झॉम्बीला डोक्यातच गोळी घालायची असते, आणि डोके पडद्यावर एका जागी थांबेल तर ना! कित्येकदा नेम अचूक लागतो आणि चाप ओढेपर्यंत दृश्यच सरकलेले असते. समीक्षकांनी तेव्हाही यावर नेमके बोट ठेवले होते. वातावरण, संगीत, राक्षस सगळे उत्तम असलेला हा गेम केवळ कॅमेऱ्यामुळे मार खातो, असे म्हणणे चूक ठरणार नाही.

दुसरा त्रास वस्तू उचलण्याचा. या घरगुती गेममध्ये गोळ्या, औषधे, नवी शस्त्रे वाटेत पडलेली असतात. कॅमेरा त्यांच्यावरून जाताना चपळाईने टिपायच्या. राहिली तर राहिली. मागे वळता येत नाही. टेबलावर औषध स्पष्ट दिसले, हात पोहोचायच्या आत पात्र दुसरीकडे बघू लागले, आणि पुढच्या दालनात त्याच औषधावाचून मरण आले, तर खेळाडू भुताला शिव्या घालत नाही, कॅमेऱ्याला घालतो. भीतीची जागा चिडचिडीने घेतली की हॉरर गेम तिथेच संपतो.

आर्केडमधल्या गेमचा हिशोब वेगळा. ते यंत्र पैसे कमावण्यासाठी उभे असते. क्रेडिट संपले की दहापासून उलटी गणती सुरू होते आणि दुसऱ्यांदा कार्ड स्वाइप करायचे की नाही हे तेवढ्यात ठरवावे लागते. त्यामुळे काही हल्ले चुकवता येण्याजोगे असले तरी पहिल्या खेपेला ते चुकवणे जवळपास अशक्य असते. ‘हाउस ऑफ द डेड २’ मध्ये (१९९८) बेडूक टुणकन उड्या मारत येतात. अजस्र बॉस परवडला, पण हे इवलेसे बेडूक नको, असे वाटायला लावणारे. बॉसच्या बाबतीत गेम निदान प्रामाणिक असतो. लढाईआधी पडद्यावर त्याची माहिती आणि कमकुवत जागा दाखवली जाते. बॉसची नावे टॅरो पत्त्यांवरून : चॅरियट, हँग्ड मॅन, हर्मिट, मॅजिशियन.

वाटेतली माणसे वाचवणे हाही कसोटीचा भाग. झॉम्बीच्या तावडीत सापडलेला शास्त्रज्ञ वेळेत वाचवला तर बक्षीस मिळते किंवा पुढचा रस्ता बदलतो. घाईत त्यालाच गोळी लागली तर स्वतःचा एक जीव जातो. एकाच रुळाला अशा फाट्या काढून गेमने पुन्हा खेळायचे निमित्त दिले, आणि त्याची गरजही होती. सराईत खेळाडू असे गेम अर्ध्या-पाऊण तासात संपवतो. आर्केडमध्ये ते योग्यच. घरी पूर्ण किमतीला घेतलेली डिस्क तासाभरात संपली तर मात्र फसवल्यासारखे वाटते.

आणि भीती टिकते किती? एकदाच. दुसऱ्यांदा खेळताना कॅमेरा उजवीकडे वळणार, झॉम्बी तिसऱ्या पायरीवर असणार, हे पाठ झालेले असते. तिथून पुढे हा हॉरर गेम राहत नाही. तालावर टाळ्या द्याव्यात तसा गोळ्या देण्याचा खेळ होतो. अनेक चाहत्यांना खरी गोडी लागते ती इथेच : स्कोअर, अचूकता, एकही माणूस न गमावणे. सेगालाही हे उमगले असावे. ‘द टायपिंग ऑफ द डेड’मध्ये (१९९९) त्यांनी बंदूकच काढून टाकली आणि कीबोर्ड दिला. झॉम्बीच्या अंगावर उमटलेला शब्द वेळेत टाइप केला की झॉम्बी खलास. गेममधले एजंट पाठीवर गेम कन्सोल आणि पोटाशी कीबोर्ड बांधून फिरतात. तर ‘ओव्हरकिल’ (२००९) या भागाने भीतीचा नाद जवळजवळ सोडून स्वस्तातल्या जुन्या सिनेमांची टिंगल केली. शिव्यांच्या संख्येसाठी त्याची नोंद गिनेस बुकात झाली होती.

हे गेम घरातून गायब का झाले?

उत्तर भिंतीवरच्या टीव्हीत आहे. जुन्या पिक्चर ट्यूबच्या टीव्हीवर चित्र एकदम उमटत नसे. इलेक्ट्रॉनचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक ओळ रंगवत खाली यायचा. एका ओळीला साधारण ६४ मायक्रोसेकंद लागत. बंदुकीच्या नळीत प्रकाश टिपणारा छोटा सेन्सर असे. झोत नळीच्या समोरच्या ठिपक्यावरून गेला की सेन्सरला चमक दिसायची. ती नेमकी कोणत्या क्षणी दिसली, यावरून गेम नेमाची जागा काढायचा.

‘डक हंट’ची रीत त्याहून साधी होती. चाप ओढला की क्षणभर पडदा काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. आधी अंधार आणि मग उजेड दिसला, तरच नेम लागला असे धरायचे. बंदूक बल्बकडे रोखून गेमला फसवता येऊ नये, म्हणून अंधाराची अट.

एलसीडी आणि एलईडी टीव्हीत तसा झोतच नसतो. शिवाय चित्र पडद्यावर येईपर्यंत टीव्ही त्यावर प्रक्रिया करतो आणि काही मिलिसेकंद उशीर होतो. सारा खेळ वेळेवर बेतलेला. वेळ चुकली की बंदूक आंधळी. पिक्चर ट्यूब घराबाहेर गेली, तिच्यासोबत लाइट गनही गेली.

वी ने यावर काही वर्षे मलमपट्टी केली. टीव्हीवर ठेवायच्या त्याच्या पट्टीला ‘सेन्सर बार’ म्हणत असले, तरी तिच्यात सेन्सर नव्हता. होते फक्त इन्फ्रारेड दिवे. पाहणारा कॅमेरा रिमोटच्या टोकाला होता. दोन टोकांचे दिवे कुठे दिसतात यावरून रिमोट कुठे रोखला आहे ते कळे. पट्टी बिघडली तर टीव्हीसमोर दोन पेटत्या मेणबत्त्या ठेवूनही काम भागते, हा त्या काळचा लोकप्रिय प्रयोग. समया ठेवल्या तरी तत्त्व तेच. अम्ब्रेला क्रॉनिकल्स, एक्स्ट्रॅक्शन, ओव्हरकिल हे सगळे एकाच कन्सोलवर दोन-अडीच वर्षांत यावेत, यामागे हा रिमोट होता.

त्यानंतरच्या यंत्रांत रिमोटची जागा जायरोस्कोपने घेतली. जायरो फक्त किती वळले हे मोजतो, कुठे रोखले आहे हे त्याला ठाऊक नसते. बारीक चुका साठत जातात आणि थोड्या वेळाने नेमाचे चिन्ह भलतीकडे सरकते. २०२२ मध्ये निन्टेन्डो स्विचवर आलेल्या ‘द हाउस ऑफ द डेड : रिमेक’मध्ये म्हणूनच बटण दाबून नेम पुन्हा मध्यावर आणावा लागतो. झॉम्बी कुऱ्हाड फेकत असताना हा उद्योग करावासा कुणालाही वाटणार नाही.

मोबाइलवर तरी हे गेम फोफावायला हवे होते. पडद्याला बोट लावले की गोळी, याहून सोपे काय? अडचण इतकीच की बोट नेमकी तीच जागा झाकते जिथे बघायचे आहे. शिवाय सहा इंचांच्या पडद्यावर, लोकलच्या गर्दीत आणि इअरफोनशिवाय, भूत दिसले तरी भीती वाटत नाही.

व्हीआरमध्ये काय बदलले?

सर्वांत रंजक उत्तर इथे सापडते. सुपरमॅसिव्ह गेम्सच्या ‘अंटिल डॉन : रश ऑफ ब्लड’ (२०१६) या प्लेस्टेशन व्हीआरच्या गेममध्ये खेळाडू एका रोलर कोस्टरच्या गाडीत बसतो. रूळ आता पडद्यावर खरोखर दिसतात. शरीर रुळांवर, मान मात्र मोकळी. करवती अंगावर आल्या की डोके बाजूला झुकवायचे. मागून आवाज आला तर वळून बघायचे की पुढे लक्ष ठेवायचे, हे खेळाडूने ठरवायचे. कॅमेऱ्याने घात केला ही जुनी तक्रार एका झटक्यात निकालात निघाली, आणि भीती कमी होण्याऐवजी वाढली. कारण आता मागे वळून न पाहण्याची चूक खेळाडूची स्वतःची असते. बसल्या जागी गाडीत असल्याचे दृश्य आणि प्रत्यक्ष खुर्चीत बसलेले शरीर यांचा मेळही बसतो. तरीही वेगवान उतारांवर काहींना मळमळते, ही या मार्गावरची नवी तक्रार.

त्याच स्टुडिओने २०२३ मध्ये प्लेस्टेशन व्हीआर २ साठी ‘द डार्क पिक्चर्स : स्विचबॅक व्हीआर’ आणला. त्या हेडसेटमध्ये डोळ्यांची हालचाल टिपणारे कॅमेरे आहेत. एका भागात खेळाडूभोवती पुतळे उभे असतात. तो बघत असतो तोवर ते स्थिर. त्याने पापणी लववली की पुढे सरकलेले.

हेडसेट आणि कन्सोलचा खर्च पाहता हा अनुभव इथल्या बहुतेकांसाठी दूरचाच. घरी सुरुवात करायची तर सर्वांत कमी कटकटीचा पर्याय पीसीवर आहे : २०१३ चा ‘द टायपिंग ऑफ द डेड : ओव्हरकिल’. ना बंदूक लागते, ना पिक्चर ट्यूब, ना जायरो. एक कीबोर्ड पुरतो. आणि टायपिंगच्या सरकारी परीक्षेसाठी बोटे आधीच तयार असतील, तर पहिले दोन-तीन झॉम्बी तरी जवळ पोहोचणार नाहीत.